अर्ज कोर्टाचा, प्रश्न साध्या मराठीत

कोर्टाचे अर्ज लोकांना स्वतःला भरता यावेत म्हणून मुक्त सॉफ्टवेअर कसं वापरायचं, याबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातल्या वाचकांनी विचारलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : पोटगी मागायला येणाऱ्या बायका कोरा अर्ज बघूनच गांगरतात. त्यात उत्पन्नाचं शपथपत्र म्हणजे पानांमागून पानं. डॉकअसेंबल नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे असं ऐकलं. ते मराठीत चालतं का? आम्हाला उपयोगी पडेल का?
— विधी स्वयंसेविका, शिरोळ तालुका

चालतं, आणि अशाच कामासाठी ते बनलेलं आहे. फिलाडेल्फियातले वकील जोनाथन पाइल यांनी ते लिहिलं आणि एमआयटी परवान्याखाली खुलं ठेवलं. कुणीही उतरवून घ्यावं, हवं तसं बदलावं, परवानगी मागायला नको की पैसे मोजायला नकोत. २०२० साली कोविडमुळे कोर्टाच्या खिडक्या बंद झाल्या, तेव्हा बॉस्टनच्या सफोक विद्यापीठातल्या विधी महाविद्यालयाने याच सॉफ्टवेअरवर मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टांचे अर्ज मोबाइलवर आणले. त्या कामासाठी तयार केलेले भागही त्यांनी खुले ठेवले आहेत.

वापरणाऱ्याला एका वेळी एकच प्रश्न दिसतो. तुम्ही वर्डमध्ये अर्जाचा नमुना करता आणि रिकाम्या जागी महिरपी कंसांत खुणा ठेवता. त्यातली कुठली जागा अजून भरायची आहे ते सॉफ्टवेअर बघतं आणि तेवढ्यापुरताच प्रश्न काढतं. मूल नाही म्हटलं की शाळेच्या फीचा प्रश्न येतच नाही. शेवटी वर्ड किंवा पीडीएफ हातात येतं.

पोटगीचं शपथपत्र यासाठी अगदी योग्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या निकालात, ४ नोव्हेंबर २०२० रोजी, दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं आणि त्याचे नमुनेही निकालाला जोडले. पहिला नमुना नोकरी-धंदा करणाऱ्यांसाठी आहे, दुसरा शेतीवर जगणाऱ्यांसाठी. शिरोळ, करवीर, कागल, पन्हाळा इथून येणाऱ्या बहुतेकींना दुसरा लागतो. टाइप करून मिळतो मात्र पहिला, कारण टायपिंगवाल्याकडे तोच तयार असतो. म्हणून तुमच्या साधनाचा पहिला प्रश्न हाच असू द्या : घर कशावर चालतं, शेतीवर की पगारावर?

खरी मेहनत प्रश्नांच्या शब्दांत आहे. ‘सामनेवाल्याचे मासिक उत्पन्न नमूद करा’ असं विचारलंत तर निम्म्या बायका ‘माहीत नाही’ लिहितील आणि ते खरंच असेल. ऊस लावणाऱ्या घरात मासिक उत्पन्न असं काही नसतंच, हंगामाचं बिल असतं. तोच प्रश्न असा फोडा :

ऊस कुठल्या कारखान्याला जातो?
गेल्या हंगामात किती टन गेला? नक्की माहीत नसेल तर किती ट्रॉल्या?
बिल कुणाच्या नावावर जमा होतं, नवऱ्याच्या की सासऱ्याच्या?
म्हशी किती? दूध कुठल्या संस्थेला घालता? दर दहा दिवसांचं बिल साधारण किती येतं?

ही उत्तरं तिला ठाऊक असतात. धारा बहुतेक वेळा तीच काढते. त्यावरून वर्षाचा आकडा काढणं हे सॉफ्टवेअरचं काम. नमुन्यात आकड्यापुढे ‘अर्जदाराच्या माहितीप्रमाणे अंदाजे’ हे शब्द न विसरता घाला. शपथेवर अंदाज ठाम करून लिहिला की उलटतपासणीत तोच अंगाशी येतो.

जमिनीचंही तसंच. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं, बोलण्यात एकर-गुंठे. दोन्ही रकाने ठेवा आणि रूपांतर यंत्रावर सोडा : एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, एक आर म्हणजे १००, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर ०.६०.०० दिसलं की सहा हजार चौरस मीटर, म्हणजे एक एकर १९ गुंठ्यांच्या जरा वर. तिने ‘दीड एकर’ सांगितलं असेल तर ते जुळतं. ‘सहा एकर’ असं टाइप झालं असेल तर तिथेच थांबवून पुन्हा विचारा. हेक्टरच्या दशांशात घसरणं ही हाताने भरलेल्या शपथपत्रांत हमखास होणारी चूक आहे.

आणखी एक बारीक जागा. अर्जाच्या मथळ्यात ‘वय ३२ वर्षे, धंदा – घरकाम, रा. मु. पो. …’ अशी ओळ असते. इथे घरकाम म्हणजे गृहिणी. पण चार घरची धुणीभांडी करणारी बाईही ‘घरकाम करते’ असंच सांगते. एकाच शब्दात एक बिनकमाईची आणि एक कमावती. समोरचा वकील हे पकडतो आणि बाईने उत्पन्न लपवलं असं ठरवून मोकळा होतो. म्हणून ‘धंदा’ विचारू नका. ‘बाहेर पैसे मिळतील असं काही काम करता का?’ असं विचारा आणि उत्तरावरून मथळ्यात ‘गृहिणी’ किंवा ‘घरेलू कामगार’ येऊ द्या.

प्रश्न : सर्व्हर बसवायची जबाबदारी माझ्यावर आली आहे. किती क्षमतेचा घ्यावा? आणि मराठीत नेमकं काय बिघडतं?
— संगणक अभियंता, राजारामपुरी

सुरुवातीला ४ जीबी मेमरीचा भाड्याचा लिनक्स सर्व्हर घ्या. २ जीबीवर सुरू होईल, पण दोन-चार जणांनी एकदम पीडीएफ मागितलं की गुडघे टेकेल. वर्डचं पीडीएफ लिब्रेऑफिसमधून होतं आणि मेमरी तिथेच जाते. डिस्क ४० जीबी असली की पुष्कळ.

बसवायचं डॉकरमधून. डॉकर सगळं सॉफ्टवेअर एका बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवतो. तीन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, डेटा कंटेनरच्या आत ठेवू नका, कायमचा व्हॉल्यूम, म्हणजे डब्याबाहेरची साठवण, जोडा. नाहीतर कंटेनर पुसला की सगळं गेलं. दोन, थांबवताना डॉकरच्या आज्ञेला ६०० सेकंदांची मुदत द्या. डॉकर एरवी दहा सेकंदांत गळा दाबतो, डेटाबेस नीट मिटायच्या आत, आणि पुढच्या वेळी उघडताना तो तुटलेला निघतो. सर्व्हर बिघडल्याच्या तक्रारी बऱ्याचदा इथूनच येतात. तीन, प्रशासकाचा मूळ पासवर्ड ‘पासवर्ड’ हाच शब्द असतो, तो बदला. संकेतस्थळ सुरक्षित (https) करणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्यासाठी सर्व्हरची ८० आणि ४४३ ही दोन्ही दारं (पोर्ट) उघडी लागतात.

आता मराठी. पीडीएफमधल्या रिकाम्या चौकटी थेट भरायचा रस्ता इंग्रजीला ठीक आहे, देवनागरीला नाही. त्या चौकटींत अक्षरजुळणी नीट होत नाही : ‘कोर्ट’मधला रफार पुढे निसटतो, ‘विनंती’ची वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, जोडाक्षरांचे पाय मोडतात. म्हणून नमुना वर्डमध्येच करा आणि लिब्रेऑफिसकडून पीडीएफ काढा. तिथे जुळणी बरोबर होते. अट एकच, सर्व्हरवर देवनागरी फाँट हवा. तुमच्या लॅपटॉपवर अर्ज सुंदर आणि सर्व्हरच्या पीडीएफमध्ये नुसत्या चौकोनी डब्या, असं दिसलं तर फाँट नाही एवढाच अर्थ. नोटो किंवा लोहित देवनागरीचं उबुंटू पॅकेज कॉन्फिगरेशनमध्येच नोंदवा. कंटेनरमध्ये शिरून हाताने बसवलं तर नव्या कंटेनरमध्ये ते नसेल. चाचणीसाठी एक ओळ जवळ ठेवा : ‘शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीची लक्ष्मीपुरीत दुरुस्ती’. यातला ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ नीट उमटला तर बहुतेक सगळं उमटेल.

आकड्यांची वेगळी गंमत आहे. मराठी कीबोर्डवरून ‘१२०००’ टाइप झालं की संख्येची चौकट ते घेईलच असं नाही. ब्राउझरप्रमाणे वागणूक बदलते आणि वापरणाऱ्याला चूक कळत नाही. ती चौकट साध्या मजकुराची ठेवा आणि आतून पायथॉनला, म्हणजे डॉकअसेंबलमागच्या प्रोग्रामिंग भाषेला, द्या. पायथॉन देवनागरी अंक बिनतक्रार वाचतो. मात्र आधी स्वल्पविराम, ‘रु.’ आणि ‘/-’ काढून टाका.

प्रश्न ज्या यामल (YAML) फाइलीत लिहायचे, तिच्यात टॅब चालत नाही, जागाच सोडायच्या. प्रश्नाच्या मजकुरात विसर्गासारखी दोन टिंबं आली (‘पत्ता: गाव व तालुका’) तर पूर्ण प्रश्न अवतरणात घ्या, नाहीतर फाइल उघडणारच नाही. चलांची (व्हेरिएबलची) नावं रोमन लिपीत ठेवा, पुढे दुसऱ्या कुणाला काम करायचं असतं.

व्याकरणाकडे बहुतेक अभियंते दुर्लक्ष करतात, म्हणून मुद्दाम लिहितो. नमुन्यात नावाला थेट प्रत्यय लावू नका. ‘पाटीलने’, ‘कागलात’ असं यंत्राकडून करवून घ्यायला गेलात की कुठेतरी ‘सावंतवाडीात’ छापून येईल. कोर्टाच्या मराठीने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय : ‘यांनी’, ‘यांचे’, ‘येथे’, ‘या गावी’. तेच वापरा. आणि ‘कथन करतो की’ हे वाक्य बाईच्या शपथपत्रात ‘कथन करते की’ झालं पाहिजे. लिंगाचा प्रश्न एकदा विचारून सगळी क्रियापदं त्यावर बांधा.

प्रश्न : आमच्याकडे जुन्या अर्जांची शेकडो पानं श्रीलिपी आणि शिवाजी फाँटमध्ये आहेत. ती वापरता येतील?
— टायपिंग केंद्र चालवणारे, कसबा बावडा

तशीच्या तशी नाही. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट काढला की उरतो नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा. आधी युनिकोड करून घ्या. परिवर्तक मिळतात, पण श्रीलिपीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांची मांडणी वेगळी असते, तेव्हा आधी एकच पान करून बघा. फक्त छापील प्रत असेल तर टेसेरॅक्ट हे मुक्त सॉफ्टवेअर मराठी वाचतं. ३०० डीपीआयला स्कॅन करा, आणि कलमांचे आकडे न चुकता डोळ्यांनी तपासा. ५ आणि ६ मध्ये यंत्र फसतं.

खरं तर शेकडो पानांची गरज नाही. जास्त खपणारे पाच अर्ज निवडा. नक्कल अर्जापासून, म्हणजे कोर्टाच्या कागदांची प्रत मागण्याच्या अर्जापासून, सुरुवात केलीत तर उत्तम : एका पानाचा, रोज लागणारा, आणि चुकला तरी कुणाचं आयुष्य अडत नाही.

प्रश्न : हे सनदेशिवाय वकिली करणंच नव्हे का? अर्ज चुकला तर जबाबदार कोण?
— वकील, गडहिंग्लज

शंका रास्त आहे. अधिवक्ता कायदा १९६१ च्या कलम ३३ प्रमाणे वकिलीचा हक्क सनदधारकांनाच आहे आणि कलम ४५ मध्ये शिक्षाही आहे. पण स्वतःचं प्रकरण स्वतः चालवायला पक्षकाराला मुभा आहे, आणि त्याने दिलेली उत्तरं नमुन्यात बसवणं म्हणजे वकिली नव्हे. ‘तुम्ही घटस्फोट मागू नका, आधी घरगुती हिंसाचाराचा अर्ज करा’ हा मात्र सल्ला झाला. तो यंत्राने देऊ नये.

म्हणून साधनात थांबे हवेत. आधीचा काही आदेश आहे, दुसऱ्या कोर्टात घटस्फोट चालू आहे, नवरा लग्नच नाकारतो, मूल ओढून नेलं आहे, यातलं एकही ‘हो’ आलं की प्रश्न थांबले पाहिजेत आणि पडद्यावर यायला पाहिजे : ‘हे वकिलाशी बोलून करा.’ त्याखालीच विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची मर्यादा लागू नाही, हेही तिथेच लिहा. आजच मारहाणीची भीती असेल तर ११२ (पोलीस) आणि १८१ (महिला हेल्पलाइन) सगळ्यात वर. आमच्या मते थांबे नसलेलं साधन लोकांपुढे ठेवूच नये, मग ते कितीही देखणं असो.

जबाबदारीचं म्हणाल, तर मजकूर तुमच्यासारख्या सनदधारकाने तपासलेला हवा आणि प्रत्येक पानाच्या तळाला तपासल्याची तारीख हवी. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. पोटगीचं जुनं कलम १२५ आता १४४ आहे. ४८२ चं उदाहरण जास्त धोक्याचं : जुन्या संहितेत ते उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं होतं, नव्या संहितेत अटकपूर्व जामिनाचं. जुने अंगभूत अधिकार आता ५२८ मध्ये आहेत. कलमांचे क्रमांक प्रत्येक नमुन्यात विखरून ठेवू नका. एकाच फाइलीत ठेवा आणि सगळे नमुने तिथून उचलू द्या. बदल एका जागी झाला की सगळीकडे होतो. सफोकच्याच मंडळींचं एएलकिल्न हे मुक्त साधन यंत्राकडून अर्ज भरवून घेतं आणि कुठे अडलं ते सांगतं. मजकूर बदलला की ते एकदा चालवा.

प्रश्न : सुताच्या व्यवहारातले चेक परत येतात आणि मुदतीच्या घोळात केस हातची जाते. तारखा काढून देणारं साधन होऊ शकेल?
— व्यापारी, इचलकरंजी

होईल, आणि छोटं असल्याने लवकर होईल. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ आणि १४२ मधला हिशेब असा. चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरलेला हवा. न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला पैसे द्यायला. ते संपले की एक महिन्यात फिर्याद.

समजा, बँकेचा मेमो ६ मार्चला मिळाला. तो दिवस सोडून मोजायचं, म्हणजे नोटीस ५ एप्रिलपर्यंत. ती १० एप्रिलला पोचली तर पंधरा दिवस २५ एप्रिलला संपतात. २६ ला फिर्यादीचं कारण घडतं. तो दिवस सोडून एक महिना, म्हणजे २६ मे शेवटचा.

चूक होते ती ‘एक महिना’ म्हणजे ३० दिवस धरल्याने. कायद्यात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना. फिर्यादीचं कारण २६ जानेवारीला घडलं तर मुदत २६ फेब्रुवारीपर्यंत आहे. ३० दिवस धरणारं साधन २५ तारीख सांगेल. उलट फेब्रुवारीत कारण घडलं तर तेच साधन जास्तीचे दिवस दाखवेल आणि खरं नुकसान तेव्हा होईल. डॉकअसेंबलमध्ये तारखेत दिवस मिळवणं आणि महिने मिळवणं वेगवेगळं लिहिता येतं. नोटिशीला दिवस वापरा, फिर्यादीला महिना.

दुसरी जागा पोचपावतीची. ‘नोटीस कधी मिळाली?’ एवढंच विचारू नका. आधी विचारा : पोच आली की पाकीट परत आलं? ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तरी नोटीस बजावली गेली असं कोर्ट धरू शकतं. तेव्हा शेऱ्याची तारीखही घ्या आणि पाकीट न फोडता जपून ठेवायला सांगा. शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं, पण साधनाने लोकांना त्या भरवशावर ठेवू नये. शेवटच्या तारखेच्या दहा दिवस आधीची तारीख ठळक दाखवा.

प्रश्न : सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे. तिथले अर्जही मराठीत करता येतील?
— वाचक, मिरज

नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे चालू आहे, पण ते उच्च न्यायालयच. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे तिथली भाषा इंग्रजी. जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मात्र १९९८ च्या अधिसूचनेपासून मराठी आहे. साधनात एक करता येतं : प्रश्न मराठीत विचारा, नमुना इंग्रजी ठेवा. नावं, तारखा, आकडे, पर्यायांतून निवडलेली उत्तरं, हे सगळं आपोआप इंग्रजीत बसतं. स्वतःच्या शब्दांत लिहिलेली हकीकत तेवढी भाषांतर करून घ्यावी लागेल. आयआयटी मद्रासमधल्या गटाचं इंडिकट्रान्स२ हे मुक्त भाषांतर सॉफ्टवेअर मराठी घेतं, पण ‘कैफियत’, ‘पुरसीस’, ‘निशाणी’ अशा शब्दांवर ते अडखळतं. भाषांतर माणसाने वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न : भरलेली माहिती कुठे जाते? नवऱ्याच्या हाती लागली तर?
— शिक्षिका, भुदरगड

उत्तरं सर्व्हरवर साठतात. न हात लावलेली मुलाखत, म्हणजे एका अर्जाची प्रश्नोत्तरं, डॉकअसेंबल मुळात ९० दिवसांनी पुसतं. घरगुती हिंसाचाराच्या अर्जासाठी हा काळ फार आहे. सात दिवसांवर आणा, आणि शेवटच्या पानावर ‘आत्ताच सगळं पुसा’ असं बटण द्या. प्रत्येक पानावर ‘पटकन बाहेर’ असंही एक बटण हवं, दाबलं की हवामानाचं पान उघडावं. पण मागे जायचं बटण दाबून कुणी परत येऊ शकतं, हे बाईला आधीच सांगा. घरातला फोन दोघांचा असेल तर फोनवर भरूच नये. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ काढलं तर ते तिथल्या संगणकाच्या डाउनलोडमध्ये पडून राहतं, उठायच्या आधी ते पुसून घ्यावं. कोर्टातल्या ई-सेवा केंद्रात मदत मोफत मिळते, शक्य असेल तर तिथे जा.

प्रश्न : अर्ज छापून झाला. पुढे काय?
— वाचक, कागल

आधी वाचून बघा, किंवा कुणाकडून वाचून घ्या. नाव आधारवरच्या नावाशी जुळतं का पाहा. माहेरचं नाव कागदोपत्री असेल तर ‘उर्फ’ लावलेलं हवं. सही घरी करून आणू नका, शपथ घेताना अधिकाऱ्यासमोर करायची असते. कोर्टात दाखल करायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही, महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ४ मध्येच तशी सूट आहे. कुणी पाचशेचा स्टॅम्प घ्यायला लावला तर हे दाखवा. एक प्रत कोर्टाला, प्रत्येक सामनेवाल्यासाठी एक आणि एक आपल्याकडे. कागदपत्रांची यादी वेगळ्या पानावर. दाखल झालं की सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मागून घ्या : राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, कोर्टाचे दोन अंक, प्रकरणाचे सहा, सालाचे चार. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, हा क्रमांक पेनने लिहून ठेवा.